टाळेबंदीतील घरखर्चाच्या वह्या: खर्च कमी झाला होता, की त्याने नुसती जागा बदलली होती?

वहीवाली, पुणे

नमस्कार. माझी आई गेली तीस-बत्तीस वर्षे घरखर्चाची वही नेमाने लिहीत आली आहे. आता तिला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून त्या वह्या माझ्याकडे आल्या आहेत. पुढच्या महिन्यात मुळशी तालुक्यातील काही बचत गटांच्या बैठकीत मला 'साथीच्या काळातील घरखर्च' या विषयावर बोलायचे आहे. त्याची तयारी म्हणून २०१९ ते २०२२ या वर्षांची पाने मी ओळीने वाचली आणि एका ठिकाणी अडखळले. आपणांपैकी कोणी हिशेब ठेवले असतील किंवा या व्यवहारांत दुसऱ्या बाजूने काम केले असेल, तर मदत करावी.

आमचे घर चार माणसांचे. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांतला आमचा एकूण खर्च आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी आहे. पेट्रोल, रिक्षा, बाहेरचे खाणे, कपडे आणि आहेर या खात्यांपुढे आईने नुसती रेघ मारली आहे. ऐन लग्नसराईत आहेराच्या खात्यात रेघ यावी, असे त्याआधीच्या एकाही वर्षी घडलेले नाही. वर्तमानपत्र घरी येणे बंद झाले होते, त्यामुळे त्याचेही पैसे वाचले. उलट किराणा जवळजवळ दीडपट झाला. पंचेचाळीस दिवस पुरणारा सिलिंडर तिसाव्या दिवशी संपू लागला, कारण चौघांचे दोन वेळचे जेवण, दोनदा चहा आणि मधल्या वेळचे खाणे हे सारे घरातच होत होते. मीटरवाचन थांबल्यामुळे विजेचे बिल सरासरीने येत होते आणि जूनमध्ये तीन महिन्यांचा फरक एकदम भरावा लागला.

काही पाने वाचताना ते दिवस जसेच्या तसे समोर येतात. २० ते २३ मार्च या चार दिवसांत दोन महिन्यांचे वाणसामान भरलेले आहे आणि पानाच्या कडेला आईने 'घाई झाली' एवढेच लिहिले आहे. २५ मार्चला, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, गुढीपाडवा होता. त्या पानावर 'गाठी मिळाल्या नाहीत, साखर ठेवली' अशी नोंद आहे. आम्ही वर्षाचे धान्य एप्रिलमध्ये भरतो, गव्हाला एरंडेल आणि तांदळाला बोरिक पावडर चोळून ते पिंपात ठेवतो. त्या वर्षी गहू मे महिन्यात सोसायटीच्या दारात आलेल्या टेम्पोतून घेतला आणि नेहमीपेक्षा दुप्पट घेतला. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या बऱ्याच गव्हाला सोंडे झाले. सॅनिटायझर, मास्क, वाफेचे यंत्र आणि नंतर ऑक्सिमीटर यांसाठी आईने 'करोना' या नावाचे स्वतंत्र खातेच उघडले. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये सॅनिटायझरच्या २०० मिलिलिटर बाटलीला १०० रुपये आणि तीन पदरी मास्कला १० रुपये अशी कमाल किंमत ठरवून दिली होती; त्याआधीच्या आठवड्यात आम्ही यापेक्षा बरेच जास्त पैसे मोजलेले वहीत दिसतात.

मी अडखळले ती जागा अशी. आकड्यांवरून पाहिले तर आमची बचत झाली होती, परंतु त्या काळात हात मोकळा असल्याचे घरात कोणालाही वाटले नाही. मग खर्च खरोखरच कमी झाला होता, की तो पुढे ढकलला गेला होता, की दुसऱ्याच कोणाच्या अंगावर गेला होता? दुसरे असे की, माझ्यासमोर ज्या स्त्रिया बसणार आहेत त्यांच्यापैकी अनेकींना दोन महिन्यांचा किराणा एकदम भरणे कधीच शक्य नव्हते. आमच्या वहीतला अनुभव त्यांना तसाच सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. त्यांना काय सांगावे?

निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

आपण विचारलेला प्रश्न केवळ आपल्या घराचा नाही. त्या तिमाहीत देशभराच्या हिशेबात हेच चित्र उमटले होते. एप्रिल ते जून २०२० मध्ये कुटुंबांचा उपभोगावरील खर्च आदल्या वर्षाच्या तुलनेत एक चतुर्थांशाहून अधिक घटला. रिझर्व्ह बँकेच्या अंदाजानुसार कुटुंबांची आर्थिक बचत त्याच तिमाहीत देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) सुमारे २१ टक्क्यांवर गेली आणि लगेच पुढच्या तिमाहीत ती साधारण निम्म्यावर आली. इतकी वर जाऊन इतक्या लवकर खाली येणारी बचत काटकसरीतून आलेली नसते. दुकाने बंद होती म्हणून काही खर्च करताच आला नाही, आणि उद्या काय होईल या धास्तीने काही पैसा लोकांनी हातचा सोडला नाही. या दोन्ही गोष्टींना हिशेबात बचत म्हटले, तरी त्यांचा स्वभाव वेगळा असतो. पहिल्या प्रकारची बचत दुकाने उघडताच निघून जाते. दुसऱ्या प्रकारची दवाखान्यात जाते किंवा भीती सरेपर्यंत पडून राहते.

मी मात्र आपले लक्ष दुसऱ्याच एका खात्याकडे वेधू इच्छितो, कारण त्याविषयी लोकांचा फार गैरसमज झाला आणि तो मी बँकेच्या खिडकीतून पाहिला. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाचे हप्ते तीन महिने लांबणीवर टाकण्याची मुभा दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. हप्ता माफ झाला, अशी अनेकांची समजूत झाली. प्रत्यक्षात त्या सहा महिन्यांचे व्याज चालूच होते आणि ते मुद्दलात मिळवले जाणार होते. उदाहरणादाखल, २० लाख रुपये मुद्दल, आठ टक्के व्याज आणि पंधरा वर्षे शिल्लक असलेले गृहकर्ज घ्या. त्याचा हप्ता सुमारे १९,११३ रुपये येतो. सहा हप्ते थांबवले की मुद्दल सुमारे २० लाख ८१ हजारांवर जाते, आणि हप्ता तेवढाच ठेवला तर राहिलेले १८० हप्ते १९५ होतात. सहा महिने न भरल्याची किंमत पंधरा जादा हप्ते, म्हणजे सुमारे पावणेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर सरकारने नंतर जी भरपाई दिली, ती व्याजावरच्या व्याजापुरती होती. या उदाहरणात ती साडेतेराशे रुपयांच्या आसपास भरते.

ज्यांची नोकरी गेली होती त्यांना ती सवलत आवश्यकच होती, आणि त्यांनी ती घेतली हे योग्यच केले. मला वाईट वाटते ते पगार चालू असताना 'सरकारने दिले आहे तर घ्यावे' म्हणून सही करणाऱ्या खातेदारांचे. त्यांच्या वहीत ते सहा महिने बचतीचे दिसले असतील. भविष्यनिर्वाह निधीतून तीन महिन्यांच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याएवढी किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतील जी कमी असेल ती रक्कम काढण्याची सोय झाली, तिचेही असेच झाले. घरखर्च भागला, पण तो म्हातारपणाच्या खात्यातून भागला.

उलट बाजूही नोंदवतो. ज्यांचे उत्पन्न अबाधित राहिले, त्यांच्यासाठी हाच काळ घरखरेदीचा ठरला. राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणले होते. आमच्या इमारतीतील दोन कुटुंबांनी डिसेंबर संपण्यापूर्वी नोंदणी उरकली, आणि त्याच इमारतीच्या पहारेकऱ्याने त्याच महिन्यात पत्नीचे मंगळसूत्र गहाण ठेवले.

किराणा दुकानदार, बार्शी

ताई, मी गल्ल्याच्या या बाजूने लिहितो. आमचे दुकान वडिलांच्या काळापासूनचे आहे आणि उधारीची वही आजही हाताने लिहिली जाते. आपल्या आईंच्या वहीत जे दिसते ते आमच्या दुकानातील यादीवाल्या गिऱ्हाइकांचे चित्र आहे. महिन्याची यादी देणारी ही घरे साधारण निम्मी असतील. उरलेली घरे रोजची. ती दहा रुपयांची चहा पावडर, पाच रुपयांचे तिखट आणि पावशेर साखर अशी खरेदी करतात, कारण त्यांच्या हातात पैसा संध्याकाळी येतो. मार्चच्या त्या चार दिवसांत यादीवाल्यांनी दुप्पट माल उचलला. रोजचे गिऱ्हाईक टाळेबंदीच्या तिसऱ्या दिवशी आले तेव्हा सुटी तूरडाळ संपली होती आणि पोहे, रवा यांचे ठोक भाव चढले होते. साठा करणाऱ्याला जुना भाव मिळाला आणि ज्याला साठा करता येत नव्हता त्याला नवा भाव पडला, हे मी स्वतः वजनकाट्यावर पाहिले आहे. पुढे मी प्रत्येक घराला किती किलो द्यायचे ते ठरवून घेतले. ते पहिल्या दिवसापासून करायला हवे होते, असे मला आजही वाटते.

एप्रिलनंतर रोजच्या गिऱ्हाइकाची खरेदी पार बदलली. रेशनवर माणशी पाच किलो धान्य आणि घरटी एक किलो डाळ मोफत मिळू लागली, त्यामुळे शिधापत्रिका असलेली घरे आमच्याकडे गहू-तांदूळ विचारेनाशी झाली. त्यांचा सगळा पैसा तेल, तिखट, मीठ, साखर आणि चहा पावडर यांवर येऊन थांबला. पोट भरण्याची सोय झाली, पण चवीचा आणि फोडणीचा खर्च अंगावरच राहिला. त्यातच २०२० ते २०२१ या वर्षभरात सोयाबीन तेलाचा भाव सुमारे दीडपट झाला. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते, तिकडचा भाव चढला की आम्ही काहीही करू शकत नाही. शेंगदाणा तेल घेणारे सोयाबीनवर आले, एक लिटरची पिशवी घेणारे अर्ध्या लिटरवर आले, आणि काही घरांतून रोज वीस रुपयांचे तेल वाटीत नेण्यासाठी मूल येऊ लागले. वीस रुपयांच्या तेलाला लिटरमागे भाव जास्त पडतो, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. पण त्याच्याकडे वीसच रुपये असतात.

यादीवाल्यांच्या घरांत वेगळेच बदल झाले. मैदा, यीस्ट, कोको पावडर, कस्टर्ड पावडर अशा वस्तू मी पूर्वी महिन्याला एखादी मागवत असे. मे २०२० मध्ये त्या आठवड्याला संपत होत्या. बिस्किटांचे पुडे तर दोन्ही प्रकारच्या घरांत सारखेच जात होते.

उधारीविषयी एक निरीक्षण सांगतो. लोक आधी दूधवाल्याचे देणे देत होते, मग किराण्याचे, मग घरभाड्याचे. शाळेची फी सर्वांत शेवटी. दूध बंद झाले तर दुसऱ्या दिवशी मूल रडते, किराणा आठवड्याने अडतो, शाळा मात्र लगेच मुलाला घरी पाठवत नाही. हा क्रम मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, वहीतल्या तारखांवरून काढला आहे. आमची काही उधारी २०२२ च्या दिवाळीपर्यंत फिटत होती. तीन घरांची मी सोडून दिली, कारण ती घरे उभी करणारी माणसेच राहिली नाहीत.

एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत आम्हांला सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ होती. त्या चार तासांत भाव विचारायला कोणी थांबत नव्हते. दुकानावर क्यूआर कोडचा फलक मी त्याच महिन्यात लावला आणि आज निम्म्याहून अधिक पैसे त्यावरच येतात. टिकलेला बदल कोणता असे विचाराल, तर माझ्या दुकानापुरता हाच एक ठळक आहे. यीस्ट आता पुन्हा महिन्याला एकदाच मागवतो.

सोनसाखळी, मडगाव

थोडक्यात लिहिते. गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानेही बंद होती आणि मार्च अखेरीस घरात असेल त्यावर भागवावे लागले. आमच्याकडे पावसाळ्याआधी पुरुमेंत भरण्याची चाल आहे: उकडे तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या, सोलां (वाळवलेली आमसुले), मीठ. पण ती खरेदी मे महिन्यातली. साथ आली तेव्हा आदल्या वर्षीचे डबे तळाला गेले होते आणि नवे भरायचे होते. वहीवाली ताईंच्या गव्हाचेही तसेच झाले असावे. साठवणीची पद्धत ऋतूच्या अडचणीसाठी बसवलेली असते, साथ मात्र ऋतू पाहून येत नाही. आमच्या शेजारी ज्यांचे पोट पर्यटनावर होते, त्यांना मे महिन्यात बाजार उघडल्यावरही पुरुमेंत भरता आले नाही. म्हणून आमच्या वाड्यावर चार घरांनी मिळून एक पोते तांदूळ आणले आणि वाटून घेतले. तेव्हापासून दर वर्षी आम्ही तसेच करतो.

गटाची लेखनिका, पाटण तालुका

वहीवाली ताई, आपल्यासमोर ज्या बसणार आहेत, तशाच आम्ही आहोत, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या गटात बारा जणी असून दरमहा १०० रुपये बचत आहे आणि हिशेबाची वही माझ्याकडे असते. आमच्या गावातील बहुतेक घरांचे पैसे मुंबईहून येतात. माझे यजमान तेथे टेम्पो चालवत होते. मार्च २०२० नंतर पैसे येणे थांबले आणि माणसे परत आली. कमाई गेली आणि खाणारी तोंडे वाढली, हे दोन्ही एकाच आठवड्यात घडले. शहरातल्या वहीत खर्चाच्या खात्यांपुढे रेघ होती. आमच्याकडे जमेच्या खात्यापुढे रेघ होती.

आपण घरखर्चाची वही वाचली तशी मी गटाची कर्जनोंदवही पुन्हा वाचली. प्रत्येक कर्जापुढे आम्ही कारण लिहितो. २०१९ सालची कारणे म्हणजे बियाणे, शेळी, घराची कौले, मुलीचे लग्न. २०२० च्या जूननंतर 'मोबाइल' हे कारण पाच वेळा आले आहे, कारण शाळा फोनवर भरू लागली होती. जुना फोन घेतला तरी दर महिन्याचे रिचार्ज हा नवाच खर्च घरात आला आणि तो पुन्हा गेला नाही. आज आमच्या बहुतेक घरांत तो दुधाच्या खर्चाच्या बरोबरीला आहे. २०२१ च्या एप्रिल ते जूनमध्ये कारणाच्या रकान्यात एकच शब्द ओळीने दिसतो, 'दवाखाना'.

सरकारची मदत मिळाली, ती मी नाकारत नाही. महिलांच्या जनधन खात्यांत एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने पाचशे रुपये आले. पण बँकेची शाखा चौदा किलोमीटरवर, खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकाप्रमाणे ठरवून दिलेला दिवस, आणि वडापची गाडी, म्हणजे माणसे भरून नेणारी खासगी जीप, बंद. त्यामुळे पहिल्या महिन्यात आमच्यापैकी सात जणी चालत गेल्या. रेशनचे धान्य मात्र खरोखर उपयोगी पडले. त्यानेच आम्ही उपाशी राहिलो नाही.

काय कमी केले ते लिहिणे अवघड जाते, पण आपल्याला बोलायचे आहे म्हणून लिहिते. प्रथम अंडी आणि फळे गेली, मग मुलांचे दूध अर्धे झाले. आमच्या स्वतःच्या ताटातून किती गेले याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. चहात दूध नको, आज उपवास आहे, मला भूक नाही, अशी कारणे आम्ही एकमेकींच्या घरी ऐकली आणि कोणी कोणाला जास्त विचारले नाही. त्यामुळे आपल्या भाषणात 'काटकसर' हा शब्द जपून वापरावा, अशी माझी विनंती आहे. आमच्याकडे काटकसर म्हटली की ती आधी बाईच्याच ताटात होते.

दवाखान्याविषयी. माझे दीर मे २०२१ मध्ये अकरा दिवस खासगी रुग्णालयात होते. राज्य सरकारने २०२० च्या मे महिन्यात खासगी रुग्णालयांसाठी दिवसाला साध्या विलगीकरणाचे ४,०००, अतिदक्षता विभागाचे ७,५०० आणि कृत्रिम श्वासयंत्रासह ९,००० असे दर ठरवले होते, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना सर्वांसाठी खुली केली होती. आम्हांला हे दोन्ही डिस्चार्जनंतर समजले. बिलात औषधे, तपासण्या आणि पीपीई किट वेगळे लावले होते. बिल तपासून घेता येत होते, त्यासाठी शासनाने तेव्हा लेखापरीक्षक नेमले होते, हेही नंतर कळले. आम्ही सासूबाईंच्या पाटल्या गहाण ठेवून पैसे भरले. आपण गटांपुढे काही एकच सांगणार असाल, तर दवाखान्यात दाखल होण्यापूर्वी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या कर्मचाऱ्याला, भेटावे, हे सांगा. घरखर्चात वाचवलेले शंभर रुपये आणि तेथे न विचारल्यामुळे गेलेले लाख रुपये यांची बरोबरी कधीच होत नाही.

एक चांगली गोष्टही झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा होती. पुतणीचे लग्न अंगणात झाले. कर्ज झाले नाही. मला वाटले होते की ही रीत गावात राहील. पुढच्याच वर्षी मंडप पूर्वीसारखे पडू लागले, आणि आमच्या नोंदवहीत 'लग्न' हे कारण परत आले.

निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

ताई, आपण पाटल्या गहाण ठेवल्याचे लिहिले म्हणून एक मुद्दा जोडतो. इतरांनाही तो उपयोगी पडावा. ६ ऑगस्ट २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा बँकांना मार्च २०२१ अखेरपर्यंत दिली. त्या वेळी दहा ग्रॅमचा भाव ५५,००० रुपयांच्या वर होता. पाच तोळ्यांवर, म्हणजे साधारण ५० ग्रॅमवर, ढोबळमानाने २ लाख ४७ हजार रुपये मिळू शकत होते. मार्च २०२१ पर्यंत भाव ४५,००० च्या आसपास उतरला आणि त्याच दागिन्यांची किंमत २ लाख २५ हजारांवर आली, म्हणजे कर्जाहूनही कमी. अशा वेळी बँक किंवा सावकारी कंपनी जादा रकमेचा तगादा लावते आणि ती न भरल्यास दागिन्यांचा लिलाव होतो. अडचणीच्या वेळी मिळेल तेवढे सगळे उचलण्याचा मोह होतो, तो दोष मी कोणाला देत नाही. परंतु गटांना सांगताना सोन्याच्या निम्म्या किमतीच्या आत कर्ज ठेवा आणि दर महिन्याचे व्याज तरी भरत राहा, हे अवश्य सांगावे.

घरकामगारांसोबत काम केलेली, नाशिक

वहीवाली ताई, आपण इतकी खाती सांगितलीत, पण एका खात्याचा उल्लेख केला नाही. आपल्या घरी धुणे-भांड्यांना मावशी येत असतील. एप्रिल ते जून २०२० मध्ये त्यांच्या पगारापुढे काय लिहिले आहे? हे आपल्याला अवघडवून टाकण्यासाठी विचारत नाही. माझ्या ओळखीच्या घरकामगार स्त्रिया सरासरी चार घरी काम करत होत्या. त्यांपैकी एखाद्या घराने पूर्ण पगार दिला, एखाद्याने निम्मा, आणि उरलेल्यांनी 'काम नाही तर पगार कसा' असे सांगितले. सोसायटीने फाटक बंद केले होते. कामावर यायला त्या तयार होत्या. आपण विचारता की खर्च कोणाच्या अंगावर गेला. त्याचे एक उत्तर त्या खात्यात असेल.

वहीवाली, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. नाशिकच्या ताईंचा प्रश्न वाचल्यावर मी पुन्हा वही उघडली. एप्रिल आणि मे २०२० मध्ये मावशींना पूर्ण पगार दिल्याची नोंद आहे, जूनमध्ये निम्मा, आणि जुलै ते सप्टेंबर रेघ. ऑक्टोबरमध्ये त्या परत आल्या. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत आमच्या घरात कोणाचाही पगार कमी झालेला नव्हता. मी आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली की बाकीच्या मजल्यांवरच्यांनीही थांबवला होता. त्या तीन रेघा मी प्रश्न लिहिताना पाहिल्या होत्या आणि त्यांचा उल्लेख केला नव्हता, हे येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. त्या महिन्यांत भांडी आणि केर आई व मी करत होतो. त्या वर्षी खर्च कमी झाला असे मी ज्याला म्हणत होते, त्यातला एक भाग आमच्या हातांनी केलेले काम होते आणि एक भाग मावशींच्या घरची न आलेली मिळकत होती. हात मोकळा का वाटला नाही, याचेही अर्धे उत्तर त्यात असावे.

म्हणून मी बैठकीचा आराखडा बदलला आहे. आमच्या वहीचे आकडे सांगणार नाही. त्याऐवजी पाटणच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक गटाने आपली कर्जनोंदवही आणावी आणि २०१९, २०२० व २०२१ या तीन वर्षांची कारणे मोठ्याने वाचावी, अशी विनंती करणार आहे. त्यातून 'दवाखाना' हा शब्द किती वेळा येतो ते त्यांचे त्यांनाच दिसेल. त्यानंतर आरोग्य योजनेची कागदपत्रे आणि बिलाची तपासणी यांविषयी बोलता येईल, आणि तालुक्यातील आरोग्यमित्राला बैठकीस बोलावण्याचा मी प्रयत्न करत आहे. मडगावच्या ताईंची पोत्याची पद्धतही तेथे मांडणार आहे. बार्शीच्या दादांनी वीस रुपयांच्या तेलाचे जे लिहिले, त्यावर बारा जणींनी मिळून तेलाचा एक डबा आणून वाटून घेणे हाच उपाय मला दिसतो. मात्र डबा उचलायला पहिले पैसे गटाच्या निधीतून द्यावेत की नाही, याविषयी पाटणच्या ताईंचे मत हवे आहे.

गटाची लेखनिका, पाटण तालुका

द्यावेत, पण कर्ज म्हणून लिहू नयेत. आम्ही २०२१ च्या दिवाळीपासून तसे करतो. निधीतून तीन हजार रुपये वेगळे काढले आहेत, त्यावर व्याज नाही. डबा आला की प्रत्येक जण आपल्या बाटलीचे पैसे आठवड्याने किंवा मजुरीच्या दिवशी आणून देते आणि सगळे पैसे परत आल्याशिवाय दुसरा डबा उचलत नाही. पहिल्या वर्षी दोनदा पैसे अडकले, तेव्हा त्या घरी काय झाले आहे ते विचारायला दोघी जणी गेल्या. दोन्ही वेळा आजारपण निघाले. वाटप करताना वजनकाटा नक्की वापरा. आम्ही सुरुवातीला मापाने वाटत होतो आणि शेवटच्या बाटलीला नेहमी कमी पडत असे.